परफेक्ट पिक्चर असतो का?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. एका श्रोत्याने विचारलं, "दादा, एकही चूक नाही असा पिक्चर सांग ना. एकच सांग."

आता तुम्हाला माहितीये, मी राहतो देहूत आणि चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. आमच्याकडे परफेक्ट पार्ट अशी भानगडच नसते. ड्रॉइंगवर माप असतं आणि शेजारी टॉलरन्स, म्हणजे इतकं कमी-जास्त चालेल. त्यात बसला तर पास, नाही तर लाल बिनमध्ये. पण या नोकरीने एक खोड लागते. पिक्चर बघतानाही आधी खोटच दिसते.

माझ्या मापात अगदी बसतो तो चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. २०१४ ला व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला. शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात आणि पोरं ओरडून त्यांना उठवतात, तो सीन आठवा. एक सेकंदही काढता येत नाही त्यातला. आणि नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. जब्याने भिरकावलेला तो दगड थिएटरमध्ये मला लागला होता, खरंच सांगतो. तरी 'कोर्ट' मी दोनदाच पाहिलाय. तिसऱ्यांदा हात गेला नाही. का, ते मलाही कळत नव्हतं.

आता आमच्या गावाचा पिक्चर. 'संत तुकाराम', १९३६ चा, प्रभातचा. देहूच्या पोराने हे नाव घेतलं की लोक म्हणणारच, घरचं कौतुक. पण ऐका तर. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन. दामले साउंडवाले, फत्तेलाल सेट उभारणारे. म्हणजे दोघेही कारागीर, आपल्यातलेच म्हणा ना. मुंबईत हा पिक्चर एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ ला व्हेनिसमध्ये गौरवला गेला. 'कोर्ट'च्या ७७ वर्षं आधी, त्याच गावात! त्यातलं बी आणि झाडाचं गाणं लोक तुकोबांचा अभंग समजून म्हणतात, ते लिहिलंय शांताराम आठवल्यांनी. विष्णुपंत पागनीस तर असे उभे राहिलेत की आमच्याकडे कित्येक घरांत तुकोबा म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

आणि चुका? भरपूर. सालोमालो इतका खलनायक आहे की तो जेवताना तरी माणूस असेल का, अशी शंका येते. चमत्कार धडाधड होतात. आणि शेवटचं ते विमान! कॉलेजात असताना मी हा पिक्चर आजीला फोनवर लावून दिला होता. विमान निघालं आणि मी फस्सकन हसलो. म्हटलं, आजी, पुठ्ठ्याचंय बघ. आजी काही बोलली नाही. फोन उलटा करून चटईवर ठेवला आणि भाकरी टाकायला गेली.

मला वाटलं, देवाचं हसलो म्हणून रागावली. बरीच वर्षं मी तेच समजत होतो.

गेल्या बीजेला घरी पाहुण्यांची गर्दी होती. बारा वाजता सगळे वैकुंठस्थानाकडे, नांदुरकीपाशी गेले. आजीचे गुडघे दुखतात, मी तिच्याजवळ थांबलो. सहज विचारलं, तेव्हा रागावली होतीस ना?

म्हणाली, "रागावू कशाला? तू वरच बघत होतास. खाली कोण उरलंय ते बघ की."

खाली जिजाई उरलीये. गौरीने केलेली जिजाई. पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन पांडुरंगावर धावून जाणारी, नवऱ्याला फाडफाड बोलणारी आणि त्याच्यावर जीव टाकणारी. तुकोबा वैकुंठाला जातात, ती संसार धरून इथेच राहते. ही गौरी आधी प्रभातमध्ये किरकोळ कामं करायची, पण अख्ख्या पिक्चरमध्ये खरी भूक कुठे दिसत असेल तर तिच्या चेहऱ्यावर.

आमचे आजोबा दरवर्षी पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचे. घरात त्यांचे टाळ अजून आहेत, आम्ही कौतुकाने दाखवतो. मी आजीला म्हटलं, तू कधी गेलीस?

"म्हशीची धार कोण काढणार होतं?"

एवढंच बोलली. तक्रारीचा सूर नव्हता, हे मला जास्त लागलं.

त्या रात्री सेकंड शिफ्टहून आल्यावर मी पिक्चर पुन्हा पाहिला, पहिल्यांदाच तिच्या बाजूने. विमान अजूनही पुठ्ठ्याचंच आहे, त्यात काही बदल नाही. माझ्या गेजने तो पार्ट आजही रिजेक्ट. पण ते विमान गुळगुळीत, आजच्या ग्राफिक्सचं असतं तर मी पुन्हा वरच बघत बसलो असतो, असं मला वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही.

तर दादा, ज्याने विचारलंस त्याला सांगतो: बिनचूक हवा असेल तर 'कोर्ट' बघ. 'संत तुकाराम' बघणार असशील तर घरातल्या एखाद्या बाईबरोबर बघ, आणि ती कुठे गप्प होते तिकडे लक्ष ठेव.

तुमचा पिक्चर कोणता, ते व्हॉइस नोटवर पाठवा. त्यातली खोटही सांगा, नुसतं कौतुक नको. आज आजीला तोच पिक्चर परत बघायचाय. यंदा टीव्हीवर लावून देणारे, फोन तिला दिसत नाही म्हणते. चला, भेटू.