समुद्रतळाची कात



ज्या गुरुजींच्या स्मृतीस आजचे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी भालकी-आळंदकडील आम्हां मुलांना समुद्र दाखविला तो वर्गातील शहाबादी फरशीत. “बाळांनो, तुम्ही समुद्राच्या तळावर बसला आहात,” असे ते म्हणत. ते खरेच होते. तेव्हाच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील हा चुनखडक म्हणजे कवचधारी प्राणी अवतरण्यापूर्वीच्या समुद्राचा गाळ होय.

आजच्या समुद्रतळावर कवचांचा अखंड पाऊस पडतो. झिंगा, खेकडा, कीटक यांचे कवच आणि बुरशीची पेशीभित्ती यांत कायटिन नावाची बहुशर्करा असते. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८११ साली ती बुरशीत प्रथम ओळखली. निसर्गात सेल्युलोजच्या खालोखाल तिचे प्रमाण मानले जाते. कोपेपॉड हा सूक्ष्म प्लवक प्रौढ होईपर्यंत अकरा वेळा कात टाकतो. मग समुद्राचा तळ कायटिनने भरून का जात नाही? झोबेल आणि रिटनबर्ग यांनी १९३८ साली याचे उत्तर दिले. समुद्रात व त्याच्या गाळात कायटिन खाणारे जीवाणू सर्वत्र आढळतात. ते त्यातील सुमारे सात टक्के नायट्रोजन पुन्हा जीवसृष्टीला परत करतात.

म्हणूनच गाळ उपसून कायटिन मिळवावे, ही कल्पना मला पटत नाही. जे बहुतांशी खाऊन संपले, त्यासाठी तळ का खरवडावा? कोळंबी सोलणाऱ्या कारखान्यांत टरफलांचे ढीग पडतात. आम्लाने त्यांतील चुना आणि अल्कलीने प्रथिने काढली की कायटिन उरते. त्यापासून जखमेच्या पट्ट्यांना व पाणी शुद्ध करण्यास उपयोगी पडणारे कायटोसान बनते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने हे तंत्र विकसित केले आहे. मात्र त्या आम्ल-अल्कलीचे सांडपाणी उरतेच. तेथे जीवाणूंची विकरे कामी येऊ शकतात. गाळातील खरी संपत्ती ती हीच.

याचा आपल्या तुरीशी काय संबंध, असे कोणी विचारील. एके वर्षी ऐन फुलोऱ्यात आमचे अर्धे रान मर रोगाने वाळले. गुरुजींनी बांधावर बसून एक खोड उभे चिरले, आतील काळपट रेघ वडिलांना दाखविली आणि म्हणाले, “पाटील, औषध मला ठाऊक नाही, पोराला शिकवा.” त्या फ्युजेरियम बुरशीच्या भित्तीतही कायटिन आहे. आज आपण बियाण्यास चोळतो त्या ट्रायकोडर्माच्या शस्त्रांपैकी एक म्हणजे कायटिन विरघळविणारे विकर.

तरीही समुद्राचे नाव छापलेली बाटली कोणी दारी आणली, तर ती लगेच साऱ्या रानावर फवारू नका. एक वाफा औषधाचा, शेजारी एक बिनऔषधाचा, असे करून पाहा. शाळेच्या आवारात असे दोन वाफे दरसाल तुरीचे असावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.