थंडीतला गळ

मार्गशीर्ष-पौषात बेळगाव-निपाणीच्या मुलखात पहाटेचा पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. वेदगंगेवर धुके पसरते, आणि गळ टाकून काठावर बसलेल्याची नेहमीची तक्रार सुरू होते की मासा खात नाही. ही तक्रार अर्धीच खरी आहे. मासा खातो, परंतु खाण्यासाठी धावत नाही.

श्रोतेहो, मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे. माणूस थंडीत चार घास अधिक खातो, कारण देहाची ऊब त्याला आतून राखावी लागते. माशाचे नेमके याच्या उलट. पाणी गार झाले की त्याचा देहही गार होतो व पचन मंदावते. पाण्याचे तापमान १० अंशांनी उतरले तर देहव्यापाराचा वेग साधारणतः निम्म्यावर येतो, असा जीवशास्त्रातील ठोकताळा आहे. पोटातला घासच जिरावयाचा असेल, तर नव्या भक्ष्यामागे धावून शक्ती कोण खर्चील?

हा हिशेब फार बारकाईने मांडला तो उत्तर अमेरिकेतील हौशी मासेमारांनी, आणि तोही बास नावाच्या माशासाठी. मोठ्या जबड्याचा हा हिरवट मासा तिकडच्या गोड्या पाण्यात राहतो. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते. त्यामुळे तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी तळाचे पाणी त्या अंशावर टिकून राहते, व बास खोल जाऊन स्वस्थ राहतो. त्याला फसवावयाचे ते बहुधा खोट्या आमिषाने. अशा आमिषांत धातूचा चमचा जुना. त्याचे पेटंट ज्यूलिओ ब्यूएल याने १८५२ साली घेतले. होडीतून जेवणाचा चमचा पाण्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, चमचा मात्र अजून चालतो. पुढे १९४९ मध्ये निक क्रीम याने मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. थंडीत अधिक उपयोगी पडते ते हेच, कारण ते जवळजवळ न हलविताही जिवंत भासते.

बासची कीर्ती ऐकून तो मासा इकडेही आणून सोडावा, असे एखाद्या हौशी माणसाच्या मनात येईल. त्याने जपानकडे पाहावे. तेथे १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला. या माशाचा १९३२ सालचा अमेरिकेतील विक्रम, सुमारे १० किलो वजनाचा, २००९ साली बरोबरीला आला तो जपानच्या बिवा सरोवरात. हा गौरव खराच, पण तेथील मूळचे लहान मासे बासने इतके फस्त केले की २००५ पासून त्याला बाळगणे व पाण्यात सोडणे कायद्याने बंद आहे.

सीमाभागाला पाहुण्या माशाची गरजही नाही. येथे मरळ आहे. दडून बसून झडप घालण्यात ती बासला हार जाणारी नव्हे. पावसाळ्यात रबरी बेडूक गवताच्या कडेने ओढत नेला की ती पाणी फोडून वर येते. (पिलांची तांबूस झुंड जपणारी मरळ त्या दिवसांत पकडू नये, हा वेगळा विषय.) थंडीत तोच बेडूक तिच्या डोक्यावरून जातो आणि ती ढिम्म राहते. मग पहाटे उठून कुडकुडण्यात अर्थ नाही. अकराच्या पुढे, उन्हाने काठचे उथळ पाणी कोमट होते तेव्हा जावे. मऊ आमिषाला अगदी हलके वजन लावून ते तळाला बसू द्यावे, वीस अंक मोजावेत, वीतभर ओढावे, पुन्हा मोजावेत. घाई करणाऱ्याने घरीच राहिलेले बरे. हिसका बसेल ही अपेक्षाही ठेवू नये. दोरी किंचित जड होते किंवा उगाच सैल पडते, तोच मासा. पूर ओसरून पाणी नितळ झालेले असते, म्हणून दोरीही बारीकच हवी.

खडशीची गोष्ट निराळी. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली या माशाला दिलेल्या शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द मराठीच आहे. तिला वाहते, खडकाळ, स्वच्छ पाणी लागते, आणि ती चमच्यावरही येते. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. ३० अंशांवर लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर १५ अंशांवर सुमारे १०. तेव्हा हिवाळा हा माशाला श्वासापुरता तरी सुखाचा ऋतू असावयास हवा. परंतु उसाचा गळीत हंगाम याच महिन्यांत असतो. मळीमिश्रित पाणी नदीत उतरले की ते कुजविणारे जंतू तो प्राणवायू संपवून टाकतात. शेजारच्या पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. अशा पाण्यात मरळ तग धरते, कारण ती वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकते. खडशीला ती सोय नाही. एखाद्या डोहात पूर्वी दोन्ही लागत आणि आता मरळच तेवढी लागत असेल, तर नवा चमचा विकत घेण्याआधी नदीच्या वरच्या अंगाला चालत जाऊन पाहावे.

जलाशयावर गळ टाकण्यापूर्वी मत्स्यखात्याचा परवाना किंवा ठेकेदाराची संमती घ्यावी लागते. आणि लहान मासा परत सोडावयाचा झाल्यास पाणी कितीही गार असो, हात आधी त्यात बुडवून मगच त्याला धरावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तेथे बुरशी धरते.