भिवंडीच्या रस्त्यांची कैफियत

(नभोवाणीवरील भाषण)



एखाद्या नाक्यावर अपघात घडला, जखमीला रिक्षात घालून कोणी रुग्णालयाकडे नेले, पंचनामा उरकला आणि तुंबलेली वाहतूक पुन्हा सुरू झाली, की मागे रेंगाळणाऱ्या घोळक्यात जी चर्चा चालते तिचे सूर साधारणतः दोनच असतात. कोणी म्हणतो, त्याची वेळ भरली होती, त्याला कोण काय करणार. कोणी म्हणतो, ड्रायव्हर प्यायलेला असणार. पहिल्या मताने सारा भार दैवावर जातो आणि दुसऱ्याने एका अनोळखी इसमावर, व दोन्ही मतांचे गृहस्थ मोकळ्या मनाने आपापल्या कामाला लागतात. ज्या रस्त्यावर हे घडले त्या रस्त्याची जबानी मात्र कोणी घेत नाही. आज ती घ्यावी असा माझा मानस आहे. कारण भिवंडीसारख्या गावी अपघात कोठे व्हावेत आणि त्यांत कोणाचा बळी जावा, हे पुष्कळ अंशी रस्त्याच्या रचनेने, आणि ती रचना ज्या निर्णयांतून उद्भवली त्या निर्णयांनी, आधीच ठरवून ठेवलेले असते.

प्रश्नाची व्याप्ती समजण्यापुरतेच दोन-चार आकडे सांगतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दर तासाला एकोणीस. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातले. पण या आकड्यांहून अधिक बोलका आहे तो त्यांचा तपशील. मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. मेलेल्या दर तीन माणसांतली सुमारे दोन अशी, की ज्यांच्याभोवती साध्या पत्र्याचाही आडोसा नव्हता. आता भिवंडीत रस्त्यावर असतो कोण, तर बहुतांशी हाच पायी चालणारा आणि हाच दुचाकीवाला. आणि त्याच्या शेजारून, हातभर अंतरावरून, जातो तो चाळीस फुटी कंटेनर.

हे दोघे एकाच रस्त्यावर आले कसे, याला इतिहास आहे. कशेळीची खाडी ओलांडून काल्हेर, अंजूरफाटा, वंजारपट्टी नाका असा गावाच्या पोटातून जाणारा आणि वडप्याला नाशिकच्या वाटेस मिळणारा जुना आग्रा रोड हा मुळात लांबच्या प्रवासाचा हमरस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या शतकात यंत्रमाग उभे राहिले, उत्तर प्रदेशापासून तेलंगणापर्यंतचे कारागीर येथे वस्तीला आले, आणि १८६४ साली नगरपालिका मिळालेले हे गाव २०११ च्या जनगणनेपर्यंत सात लाखांवर गेले. कारखान्यांच्या पाळ्या बहुधा बारा बारा तासांच्या. पाळी सुटली की रात्रभर मागापाशी उभा राहिलेला माणूस डोळ्यांत झोप आणि कानांत खटखट घेऊन रस्ता ओलांडतो, आणि त्याच वेळी सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून, निघालेले सुताचे बीम हातगाडीवर आडवे घालून दोघे-तिघे हमाल ती गाडी त्याच रस्त्याने ढकलीत असतात. रस्ता नावाने हमरस्ता राहिला, व्यवहारात तो मोहल्ल्याची गल्ली झाला; वाहनांचा वेग मात्र हमरस्त्याचाच राहिला.

त्यावर कळस चढविला तो जकातीने. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. तेव्हा देशभर पाठवावयाचा माल हद्दीबाहेर उतरवून साठविणे व्यापाऱ्यास फायद्याचे होते. जागा स्वस्त, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात आणि नाशिकचा रस्ता दाराशी, अशा सोयीची गावे भिवंडीभोवती होती. पूर्णा, राहनाळ, दापोडा, वळ, माणकोली ही भातशेतीची गावे पाहता पाहता गोदामांची झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढलीच. जो रस्ता बैलगाडी आणि एसटीच्या हिशेबाने आखलेला, त्यावर रोज अवजड वाहनांची रीघ लागली आणि त्या रस्त्याला पदपथ असावा, उजेड असावा, शाळेपाशी ओलांडण्याची जागा असावी, ही तजवीज गोदामाला परवानगी देताना कोणाच्याच कागदावर नव्हती. कर वाचविण्यासाठी जी रेषा व्यापाराने टाळली, तिचे मोल असे गावच्या रस्त्याने चुकते केले.

अंजूरफाट्याला एखादा कंटेनर डावीकडे वळताना सावकाश पाहण्यासारखा असतो. तोंड वळते तेव्हा मागची चाके पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत. ती आतल्या बाजूला कापत येतात, आणि वळण जितके अरुंद तितकी अधिक आत. वाहनाच्या डाव्या कुशीला, उंच केबिनच्या खाली, अशी एक जागा असते की जी चालकाला कोणत्याही आरशात दिसत नाही. दुचाकीवाला नेमका त्या जागेत शिरतो, कारण मोठे वाहन मंदावले की डावीकडे वाट मोकळी झाली असे त्याला वाटते. पूर्वी या बाजूला क्लीनर बसलेला असे. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून, दारावर हाताने थापा मारीत तो चालकाला इशारा देई, आणि त्या दोन थापांवर कोणाचा तरी जीव वाचे. भाड्याच्या चढाओढीत पुष्कळ गाड्यांवरून क्लीनर गेला. त्याच्या डोळ्यांची जागा मात्र कशानेच भरून निघाली नाही. येथे चालक झिंगलेला नसतो, दुचाकीवालाही माथेफिरू नसतो. वळण आखताना दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या नाहीत, एवढेच घडलेले असते.

अवजड वाहनांस दिवसाच्या ठरावीक तासांत शहरांत प्रवेशबंदी करण्याचा उपाय योजला जातो आणि तो रास्तही आहे. परंतु रांगा लावून थांबलेली ही वाहने बंदी उठताच एकदम सुटतात. पुढे रस्ता रिकामा दिसला की वाया गेलेला वेळ भरून काढण्याची घाई चालकाला होते. दिवसा जी कोंडी आपण शिव्या देत सहन करतो ती निदान वेग रोखून धरते. रात्री कोंडी सरते आणि वेग मोकाट सुटतो. शास्त्राचा नियम साधा आहे: वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ताशी तीसच्या वेगाने लागलेल्या धक्क्यातून पादचारी बहुधा वाचतो, साठच्या वेगाने ती आशा पुष्कळच कमी होते. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी तीस किलोमीटरची मर्यादा असावी, असे जाहीर केले.

पावसाळ्याचा अध्याय तर भिवंडीकरांना तोंडपाठ आहे. वाड्यावरून मनोरकडे जाणारा रस्ता खड्ड्यांसाठी आणि त्यापायी झालेल्या आंदोलनांसाठी जिल्हाभर ख्यात आहे. गावात मेट्रोच्या कामासाठी पत्रे लावून रस्ता अधिकच अरुंद झाला. खड्डा पाण्याने भरला की तो खड्डा आहे हेच दिसत नाही. दुचाकी त्यात आपटते, स्वार तोल जाऊन उजवीकडे पडतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकला थांबण्यास अवसर नसतो. अशा प्रसंगी गुन्हा ट्रकचालकावर नोंदला जातो. खड्डा बुजविण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याचे नाव त्या कागदावर येण्याची रीत नव्हती. या बाबतीत ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचे पाऊल टाकले: खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती कसूर करणाऱ्यांकडून वसूल व्हावी, असा आदेश दिला. गेलेला माणूस पैशाने परत येत नाही हे खरे. तथापि हयगयीला किंमत मोजावी लागते, हे एकदा दफ्तरात शिरले की दफ्तराची चाल बदलू लागते.

आपल्याकडील फिर्यादींचा मजकूर ज्यांनी वाचला असेल त्यांना एक ठराविक वाक्य आठवेल: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालविले. रस्त्याची परिस्थिती येथे नमूद आहे, पण ती चालकाचा गुन्हा शाबीत करण्यापुरती. ती परिस्थिती काय होती, दिवा होता काय, दुभाजक कोठे तुटला होता, मागील वर्षी याच ठिकाणी कोणी दगावले होते काय, ही चौकशी पुढे सरकत नाही. भिवंडीच्या कारागिराला याहून शहाणी रीत अवगत आहे. मागावर एकदा धागा तुटला तर तो गाठ मारतो आणि पुढे चालतो. पण एकाच जागी धागा वरचेवर तुटू लागला, की सुताला बोल लावीत न बसता माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक मारतो आणि माग तपासून घेतो.

हेच तत्त्व शासनाच्या नियमांतही आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात लागोपाठ तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले, किंवा एकूण दहा माणसे दगावली, तर ती जागा अपघातप्रवण ठरते आणि तिची दुरुस्ती कर्तव्य होते. नियम चांगला आहे. त्यात उणे एवढेच, की जॉबरला हाक मारण्यापूर्वी पाच-दहा धागे तुटण्याची वाट पाहावी लागते. त्याहून पुढे जाता येते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन छाननी केली, उघडे कठडे झाकले, बाजूला थांबणाऱ्या वाहनांना आवर घातला, जखमींना लवकर हलविण्याची व्यवस्था लावली. आणि चार-पाच वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. चालक तेच होते आणि घाटही तोच होता.

याचा अर्थ वाहन चालविणारा निर्दोष, असा कोणी घेऊ नये. २०२२ च्या त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती जमा आहेत. एका दुचाकीवर तिघे बसून, हेल्मेट आरशाला अडकवून, वळसा वाचविण्यासाठी कल्याण नाक्याकडे उलट्या दिशेने येणारा तरुण कोणत्याही अभियंत्याच्या भरवशावर सुरक्षित राहणार नाही. परंतु उपदेश दर जानेवारीत होतो. रस्ता सुरक्षेचे अभियान येते, फलक लागतात, शाळेची मुले फेरी काढतात; आणि फेरी संपल्यावर ती मुले ज्या रस्त्याने घरी जातात त्याला पदपथ नसतो.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. भिवंडीहून गंभीर जखमीला ठाणे, कळवा वा मुंबईकडे हलवावे लागते आणि वाटेत कोंडी असतेच. म्हणून पहिली मिनिटे वाया जाता कामा नयेत. जवळ उभे असलेले लोक पुष्कळदा पुढे होत नाहीत ते निर्दयपणामुळे नव्हे, तर पोलीस ठाण्याचे खेटे मागे लागतील या भयाने. ते भय आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४ अ हे कलम आले. १०८ क्रमांक फिरवा, जखमीला रुग्णालयात पोचवा. नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. हे ठाऊक असलेला पानटपरीवाला कोणत्याही फलकाहून अधिक उपयोगी आहे.

राहता राहिला प्रश्न जबाबदारीचा. गावातला एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, बाह्यवळण आणखी कोणाचे, मेट्रोचे पत्रे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. शहरातली वाहतूक ठाणे शहर आयुक्तालयाच्या पोलिसांकडे, आणि तालुक्याच्या गावांकडे गेलो की हद्द ग्रामीण पोलिसांची. प्रत्येक खाते आपल्या हद्दीत निर्दोष असते, आणि माणूस नेमका हद्दीवर मरतो. तेव्हा माझी सूचना अशी, की दरसाल जानेवारीत या साऱ्या खात्यांनी एकत्र बसून भिवंडी शहर आणि तालुका मिळून नाकेवार एक तक्ता मराठी, हिंदी आणि उर्दूत छापून जाहीर करावा. अंजूरफाटा, वंजारपट्टी, रांजनोली, माणकोली, नदी नाका येथे गतवर्षी किती अपघात झाले, किती माणसे गेली, त्यांतली पायी किती आणि दुचाकीवर किती, कोणत्या वेळी. त्या ठिकाणी कोणती दुरुस्ती ठरली, कोणत्या खात्याने कोणत्या तारखेपर्यंत करावयाची, आणि मागील वर्षी ठरलेली झाली की नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती पोलीस ठाण्यांत आहेच, ती एका पानावर आणावयाची आहे. आणि आपण नागरिकांनीही, नगरसेवक मते मागण्यास येतात त्या काळात, नळ आणि गटार यांच्याबरोबर हे पान त्यांच्यापुढे धरावे. ज्या नाक्याचा रकाना दुसऱ्या वर्षीही तसाच राहील, त्या नाक्यावरच्या पुढच्या मृत्यूला दैव म्हणण्याचा अधिकार मग कोणालाच उरणार नाही.