मेणातली गाठ

नागापूर एमआयडीसीतल्या श्रोत्यांना डाय म्हणजे काय, हे मी सांगायला नको. डायवर एक ओरखडा असेल, तर तिच्यातून निघालेल्या हजार पत्र्यांवर तोच ओरखडा उमटतो. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, ओळखायची एक रीत अशीच आहे.

मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि पुष्कळदा तो खराच ठरतो. पण गाठीचा तुकडा न तपासता एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या, गोळ्या सुरू झाल्या आणि रोग लिम्फोमाचा निघाला, तर गेलेले महिने परत येत नाहीत.

तुकडा काढल्यावरही काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली चकवतात. तेव्हा पीसीआर ही जनुकांची तपासणी कामी येते. प्रत्येक बी-पेशी घडताना प्रतिपिंडाच्या जनुकांची आपली वेगळी जुळणी करते. जंतूंमुळे सुजलेल्या ग्रंथीत अशा नाना जुळण्या सापडतात. बी-पेशींच्या लिम्फोमात कर्करोगाच्या पेशी एकाच डायच्या, म्हणजे एकाच जुळणीच्या. अर्थात साध्या सुजेतही कधी एखादी जुळणी वरचढ दिसते, म्हणून नुसत्या या रिपोर्टवर कर्करोगाचा शिक्का मारायचा नसतो. दुसरी तपासणी फिश. बर्किट लिम्फोमात आठव्या गुणसूत्रावरचं मायसी जनुक बहुधा चौदाव्यावर जाऊन बसतं. ही अदलाबदल फिशमध्ये रंगीत ठिपक्यांतून दिसते. हा रोग फार झपाट्याने वाढतो आणि त्याची केमोही वेगळी, त्यामुळे नाव अचूक हवं.

या तपासण्यांसाठी गाठ नीट जपलेली हवी. डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिलेल्या काही रुग्णांच्या ग्रंथी लंडनच्या गाइज रुग्णालयात जपून ठेवल्या होत्या, म्हणून १९२६ साली त्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहता आल्या. आपणही गाठ जपावी. सुईने काढलेल्या चार थेंबांत ग्रंथीची ठेवण कळत नाही. जमेल तिथे अख्खी गाठ काढावी. मोठा तुकडा फॉर्मालिनमध्ये, आणि टीबीच्या सीबीनॅट व कल्चर या तपासण्यांसाठी लहानसा तुकडा वेगळ्या बाटलीत, सलाइनमध्ये. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? या दोन बाटल्यांची आठवण ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना करून द्या. त्यात संकोच कसला!

पुण्याला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं, तर नुसत्या काचपट्ट्या नेऊ नका; ज्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो, तो मेणाचा ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या. पुढच्या तपासण्या त्यातूनच होतात. आणि उन्हाळ्यात तो एसटीच्या खिडकीशी ठेवू नका. मेण आहे ते.