कामाठीपुऱ्यातला नकलाकार



आज मला कादर खान यांच्याविषयी बोलायचं आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी त्यांना मोबाइलवरच्या तुकड्यांत पाहिलंय. गोविंदाचा सासरा, शक्ती कपूरचा जोडीदार. आपण हसतो आणि पुढे सरकतो. पण हा माणूस हसवण्यापर्यंत कसा पोचला, हे जालन्यातल्या तरुणांनी ऐकावं असं मला वाटतं.

जन्म काबूलचा. आधीचे तीन भाऊ लहानपणीच गेले. हाही जाईल या भीतीनं आईनं देश सोडला आणि कुटुंब मुंबईच्या कामाठीपुऱ्यात येऊन पडलं. पुढे आईवडिलांचा तलाक झाला. आईचं दुसरं लग्न लावलं गेलं. सावत्र वडील या पोराला सख्ख्या वडिलांकडे पैसे मागायला पाठवत. हे सगळं त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. तलाकवर आपल्याकडे वाद होतो तेव्हा नवरा, बायको, मौलवी, कोर्ट सगळ्यांचं बोलणं होतं. एका बापाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात हात पसरत फिरणारं लेकरू त्या वादात कुठेच नसतं.

पोरगा लाजरा, एकटा. नमाजाला म्हणून घरातून निघायचा आणि कब्रस्तानात जाऊन बसायचा. दिवसभर पाहिलेल्या माणसांच्या नकला तिथं मोठ्यानं करायचा. ऐकायला कोणी जिवंत नाही, म्हणजे हसायलाही कोणी नाही! ही गोष्ट नाटकवाल्या अश्रफ खान यांच्या कानावर गेली आणि त्यांनी त्याला नाटकात घेतलं. पुढे 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) मध्ये कब्रस्तानात पोरक्या मुलाला धीर देणारा फकीर त्यांनीच उभा केला. त्या चित्रपटाचे संवादही त्यांचेच होते.

पण नुसत्या नकलेनं हे घडलं नाही. वस्तीतली पोरं कारखान्यात जाऊन रोजचे दोन-चार रुपये आणत होती. हाही निघाला, तेव्हा आईनं अडवलं. आज गेलास तर जन्मभर तेवढ्याच पैशांत राहशील, घराची गरिबी घालवायची असेल तर शीक, असं तिनं बजावलं. म्हणून तो शिकला, आणि पुढे भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवू लागला. तिथं नोकरी करत नाटकं केली. १९७२ च्या 'जवानी दिवानी'पासून संवाद लिहिले. १९७४ चा 'रोटी', १९७७ चा 'अमर अकबर अँथनी', यादी मोठी आहे. खलनायकी बरीच केली; 'हिम्मतवाला' (१९८३) पासून लोक त्यांना विनोदी नट म्हणून ओळखू लागले.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली भाषेची. आपण घरात दखनी बोलतो. शाळेत मास्तर म्हणतात, शुद्ध मराठी बोल. मुशायऱ्यात गेलो तर म्हणतात, ही कसली उर्दू? दोन्हीकडे टिंगल. कादर खान यांच्याकडे उर्दू होती, पण त्यांनी कामाठीपुऱ्याच्या गल्लीतली बोलीही टाकून दिली नाही. ती ऐकली, लिहून काढली आणि साऱ्या देशाला ऐकवली. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर बोलली जाणारी आपली भाषासुद्धा कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट रोजंदारीची. सळयांचे कारखाने, मोसंबीच्या बागा, गॅरेज, बांधकाम. नववीतला पोरगा इथं हमखास दिसतो. त्याच्या आईबापाला मी नावं ठेवत नाही. रोजचा पैसा रोज लागतो. पण तो पैसा पोराचं शिक्षण खातो, हे कादर खानच्या आईला कळलं होतं, आणि तिच्या घरातही पैसा नव्हताच.

एक गोष्ट मात्र उघड बोलतो. त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या काही सिनेमांत बायकांची आणि अपंगांची टिंगल आहे. ती मला आवडत नाही. ज्याच्यावर जग हसतं त्यानं आपल्याहून दुबळ्यावर हसू नये, असं मला वाटतं. आवडत्या माणसाबद्दलही हे म्हणता आलं पाहिजे.

३१ डिसेंबर २०१८ ला ते गेले. २०१९ ला मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

तुमच्यापैकी ज्यांची शाळा सुटलीय, त्यांच्यासाठी दहावी-बारावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म असतो. काम करूनही परीक्षा देता येते. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या टेबलाजवळ थांबणार आहे. ज्याला भरायचाय त्यानं यावं, आणि लाजणाऱ्या मित्राला हाताला धरून आणावं. मुलींनी तर नक्की यावं.