‘थर्टीन’ : दाराबाहेर उभी असलेली आई

इंग्रजीत तेरापासून एकोणिसापर्यंतच्या आकड्यांच्या शेवटी ‘टीन’ येतं. त्यावरूनच ‘टीनएज’ हा शब्द आला. तेरा हा त्या वयाचा उंबरठा, आणि ‘थर्टीन’ याच नावाच्या अमेरिकन चित्रपटाविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे. तो २००३ साली आला. दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविक. त्याआधी अनेक वर्षं ती इतरांच्या चित्रपटांचं कलादिग्दर्शन करत होती. दिग्दर्शिका म्हणून हा तिचा पहिलाच चित्रपट, आणि त्यासाठी तिला सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

पण पारितोषिकापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती पटकथेची हकिकत. हार्डविकच्या ओळखीत निकी रीड नावाची मुलगी होती. बाराव्या-तेराव्या वर्षी ती एकाएकी बदलली. घरच्यांवर संताप, स्वतःविषयी नाराजी आणि दिसण्याची सतत काळजी. हार्डविकने तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, तर आपण मिळून चित्रपट लिहू या, असं सुचवलं. आधी काहीतरी विनोदी लिहायचं ठरलं होतं. मुलगी मोकळेपणाने बोलू लागली तेव्हा विनोद बाजूला राहिला, आणि सहा दिवसांत ही पटकथा तयार झाली. त्यातली एक मुख्य भूमिकाही निकीनेच केली, चौदाव्या वर्षी.

गोष्ट लॉस एंजेलिसमधली. ट्रेसी अभ्यासात हुशार, कविता करणारी, खोलीत अजून बाहुल्या असलेली मुलगी. सातवीत जाते आणि पहिल्याच दिवशी तिच्या कपड्यांवरून, अगदी पायमोज्यांवरूनही चेष्टा होते. शाळेत सगळ्यांच्या नजरा असतात ईव्हीवर. ट्रेसीला ईव्हीच्या टोळक्यात शिरायचं आहे. मेलरोज नावाच्या दुकानांच्या रस्त्यावर ती त्या मुलींबरोबर जाते. त्या दुकानातून वस्तू उचलतात, ही घाबरून बाहेर येऊन बाकावर बसते. शेजारी एक श्रीमंत बाई आपल्याच नादात असते. तिचं पैशांचं पाकीट ट्रेसी हळूच काढते आणि ते ईव्हीला नेऊन दाखवते. झालं, मैत्री पक्की.

या प्रसंगात ट्रेसीला कुणीही चोरी कर म्हणत नाही. ‘वाईट संगत’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहकवणारं कुणीतरी उभं राहतं. इथे बहकवणारं कुणी नाही. समोरचीने एकदा कौतुकाने बघावं, एवढ्यासाठी ही मुलगी स्वतःहून चार पावलं पुढे जाते. मग जीभ टोचून घेणं, नशा, खोटं बोलणं सगळं ओघाने येतं. पुढेपुढे तर हिला पुन्हा सातवीतच बसावं लागेल, अशी पाळी येते. चित्राचे रंगही हळूहळू विटत जातात. कॅमेरा हातात धरून चित्रण केलेलं आहे, त्यामुळे पडदा सारखा हलतो. काही जणांना त्याचा त्रास होईल, पण मला तरी तो अस्वस्थपणा खरा वाटला.

आता आई, मेलनी. घरीच बायकांचे केस कापून ती संसार चालवते. दारूच्या व्यसनातून बाहेर पडते आहे, नवऱ्यापासून वेगळी झालेली आहे. वडील मध्येच एकदा येतात, ते घाईत, आणि काय झालंय ते थोडक्यात सांगा म्हणतात! मेलनीला मात्र मुलीची मैत्रीण व्हायचं असतं. ती गोड बोलते, हसते, ईव्हीलाही घरात राहू देते. मुलगी हातातून चालली आहे हे तिला कळतं, पण बंद दाराबाहेर उभं राहून आत काय चाललंय ते कळत नाही. होली हंटरने ही आई इतकी जिवंत केली आहे, की त्या वर्षी सहायक अभिनेत्री म्हणून तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. ट्रेसी झालेली इव्हान रेचल वुडही तोडीस तोड आहे.

ईव्हीला खलनायिका करण्याचा मोह दिग्दर्शिकेने टाळला आहे. ईव्हीला स्वतःचं म्हणावं असं घर नाही. जिच्याकडे ती राहते, त्या बाईचं तिच्याकडे धड लक्ष नाही. म्हणून तिला ट्रेसीची मैत्री हवी असते, त्याहून जास्त ट्रेसीची आई. मेलनी तिला कायमची ठेवून घ्यायला नकार देते, तेव्हाच ती ट्रेसीवर उलटते. सगळ्याचं खापर ट्रेसीवर फुटतं, तिने स्वतःच्या हाताला करून घेतलेल्या जखमा आईसमोर उघड्या पडतात. आई रागावत नाही. ती मुलीला घट्ट धरते. मुलगी धडपडते, ओरडते, तरी सोडत नाही. बाकी चित्रपट विसरला तरी हा प्रसंग विसरणार नाही.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र होतं. म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. तेरा वर्षांच्या मुलींची गोष्ट, अशाच एका मुलीच्या साथीने लिहिलेली, आणि त्या वयाच्या मुलीला ती एकटीने बघता येऊ नये! अर्थात काही दृश्यं खरोखरच भाजून काढणारी आहेत. मुलीबरोबर बघायचा असेल, तर आधी तुम्ही एकट्याने बघा आणि मगच ठरवा. शेवटच्या दृश्यात ट्रेसी बागेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर आहे. तो गरगर फिरतो आहे, आणि ती मोठ्याने ओरडते. तिथेच चित्रपट संपतो.