एकटीनं खेळायचं की ऑनलाइन?



मित्रमैत्रिणींनो, गेमबद्दल आपल्याकडं बहुतेक वेळा एकच बोललं जातं: वेळ वाया जातो. जातोच. माझाही गेला. पण आज मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय. गेम एकटीनं खेळायचा की ऑनलाइन?

कॉलेजात असताना मी टीम करून खेळायचा एक नेमबाजीचा गेम खेळायचे. माइक चालू असायचा. आवाजावरून कळायचं की मुलगी आहे, नावावरून कळायचं की मुसलमान आहे. पुढं काय ऐकावं लागायचं ते सांगत नाही, तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं असेल. आधी मी माइक बंद केला. मग नाव बदलून नुसती अक्षरं आणि आकडे ठेवले. शेवटी ऑनलाइन खेळणंच सोडलं. घरी सांगितलं, "मला एकटीलाच आवडतं." ते खोटं होतं.

मग 'एल्डन रिंग' हातात आला. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा, २०२२ साली आलेला हा रोल-प्लेइंग गेम. सेटिंगमध्ये जाऊन मी पहिलं काम केलं ते ऑफलाइन होण्याचं.

एकटीनं खेळण्यात सुख होतं, हे मान्य करते. या गेमला सरळ पॉझ नाही, एकट्यानं खेळतानाही नाही. पण अम्मीनं हाक मारली की गेम बंद करून उठायचं, परत आल्यावर जवळपास तिथूनच सुरू. कुणी ताटकळत नाही. घोड्यावर बसून हिंडता येतं. मदतीला गेममधलेच आत्मे बोलावता येतात.

एक दिवस धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, ऑनलाइनमध्ये काय काय येतं ते तरी बघितलंस का? न बघताच दार लावलंस."

मग मी नियम वाचले. ऑनलाइन म्हणजे लगेच कुणीतरी अंगावर येणार, असं नव्हतं. तुम्ही एकटेच खेळत असाल आणि मुद्दाम आव्हान दिलं नसेल, तर दुसरा खेळाडू हल्ला करायला येत नाही. जमिनीवर इतरांनी ठेवलेले निरोप दिसतात, आणि कोण कुठं कसं मेलं त्याचे रक्ताचे डाग. निरोप ठरावीक शब्द जोडूनच लिहावा लागतो, त्यामुळं मनाला येईल ती शिवी लिहिता येत नाही. तुमच्या निरोपाला कुणी दाद दिली, तर तिकडं तुमची प्राणशक्ती भरून येते. जोडीदार बोलावला, तर मात्र शत्रूलाही वाट मिळते. शिवाय घोडा मिळत नाही, आत्मे बोलावता येत नाहीत आणि बॉस आणखी चिवट होतो. सोबतीची किंमत मोजावी लागते.

या कंपनीच्या हिदेताका मियाझाकी यांनी अशा खेळामागची एक आठवण सांगितली आहे. बर्फात चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला ढकलत वर चढवलं. थांबून आभार मानायला त्यांना जमलं नाही. अनोळखी माणसाची अशी मदत त्यांना खेळात आणायची होती.

मी ऑनलाइन झाले. मार्गिट नावाच्या बॉसनं मला किती वेळा मारलं ते मोजणं सोडलं होतं. त्या रात्री जमिनीवरची एक खूण निवडून अनोळखी जोडीदार बोलावला. या वेळी पात्राला माझंच नाव दिलं होतं. तो आला, माझ्यासमोर वाकला, ढाल घेऊन पुढं उभा राहिला. आम्ही जिंकलो. तो पुन्हा वाकला आणि गेला. कोण, कुठला, काही माहीत नाही. त्यानं माझं नाव वाचलं होतं, एवढंच मला पुरलं.

आता मी दोन्ही खेळते. परीक्षा असली, घरात काम असलं की एकटी. मध्येच उठलं तर जोडीदार अडचणीत येतो, म्हणून निवांत वेळ असेल तेव्हाच सोबत.

एकट्यानं खेळणं म्हणजे पळपुटेपणा नाही. फक्त तो निर्णय तुमचा असू द्या, शिव्या देणाऱ्याचा नको. गेम लावण्याआधी सेटिंग वाचा. कोण बोलू शकतं, कोण आत येऊ शकतं, ते बघा. त्रास देणाऱ्याला ब्लॉक करा, तक्रार करा.

आणि इथल्या मुलांना एक विचारते. टीममध्ये मुलीचा आवाज आला की आपण काय बोलतो? कुणाच्या जातीवरून, धर्मावरून हसतो का? नावावरून आपल्याला हिणवलेलं आपल्याला लागतं. मग आपल्यासमोर दुसऱ्याला हिणवलं जात असताना माइक बंद ठेवू नका. तेवढं एक वाक्य बोला. तिकडं कुणीतरी ऑनलाइन राहायचं की नाही, ते ठरवत असेल.